सात डॉलर

चि. मुक्तास,


‘ग्लोरी’ सिनेमा पाहून तू रात्री साडेअकराला फोन केलास, तेव्हा मी फार काही बोललो नाही. नुकत्याच रडलेल्या माणसाला तारखा सांगणारा म्हातारा नकोसा होतो. आता दोन दिवस झालेत, म्हणून लिहितो.

सिनेमा फोर्ट वॅगनरला संपतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी, ५४ वी मॅसॅच्युसेट्स, म्हणजे उत्तरेच्या फौजेतली काळ्या स्वयंसेवकांची ती पलटण, चार्ल्स्टनच्या बंदराजवळच्या वाळूच्या किल्ल्यावर चालून गेली. सुमारे ६०० माणसं होती, त्यातली जवळपास निम्मी मेली, जखमी झाली किंवा शत्रूच्या हाती सापडली. पलटणीचा कर्नल रॉबर्ट शॉ पडला आणि शत्रूने त्याला त्याच्या शिपायांसोबत एकाच खड्ड्यात पुरलं. हे सगळं खरंच. पण ती पलटण त्यानंतरही दोन वर्षं होती, आणि तिची सगळ्यात अवघड लढाई मला विचारशील तर पगाराची. मी पस्तीस वर्षं कारखान्यात पगारपत्रकं केली, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते.

भरती होताना सांगितलं होतं की गोऱ्या शिपायाइतकंच मिळेल. म्हणजे महिना १३ डॉलर, कपड्यांचा भत्ता वेगळा. पगार वाटायला आला तेव्हा आकडा निघाला १० चा, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापलेले. हातात सात! सार्जंट असो की साधा शिपाई, रक्कम तीच. १८६२ च्या कायद्याने काळ्या माणसाला लष्करात घेतलं होतं ते मजुराच्या दराने. बंदूक हातात देताना दर बदलायचं कोणाला सुचलं नाही.

पलटणीने ते सातही घेतले नाहीत. सिनेमात कागद फाडतात आणि प्रसंग मिटतो. प्रत्यक्षात हे सुमारे दीड वर्ष चाललं. घरी बायकापोरांना धाडायला दमडी नाही. मॅसॅच्युसेट्स राज्य म्हणालं, वरचा फरक आम्ही भरतो. यांनी तोही नाकारला. पैसे कुठल्या खिशातून येतात, याला त्यांच्या लेखी फार किंमत होती.

फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लोरिडात ओलस्टीला ते असेच बिनपगारी लढले, म्हणे त्या सात डॉलरच्याच नावाने आरोळी ठोकत. उत्तरेच्या फौजेचा पराभव झाला. माघार घेताना जखमींनी भरलेल्या आगगाडीचं इंजिन बंद पडलं, तेव्हा या पलटणीने दोर बांधून ती गाडी काही मैल हातांनी ओढत नेली. सिनेमावाल्यांनी हे कसं सोडलं, देव जाणे.

जून १८६४ मध्ये समान पगाराचा कायदा झाला, तोही खोच ठेवून. १९ एप्रिल १८६१ रोजी जो स्वतंत्र होता, त्यालाच भरतीपासूनची पूर्ण थकबाकी. पलटणीतले बहुतेक उत्तरेतले स्वतंत्र लोक होते, पण काही पळून आलेले गुलामही होते. शॉनंतरचा कर्नल हॅलोवेल क्वेकर या गुलामीविरोधी ख्रिस्ती पंथाच्या घराण्यातला. त्याने शपथेचा मजकूरच असा बांधला की, त्या तारखेला माझ्याकडून फुकट राबणूक मागायचा हक्क कोणालाही नव्हता. गुलामीत जन्मलेला माणूसही ही शपथ खरेपणाने घेऊ शकत होता. कारकुनी डोकं इतकं पुण्याचं काम करताना मी क्वचित पाहिलंय.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, ती तुझ्या कपाटात आहे. ती अर्पणपत्रिका वाचताना मी हल्ली या शिपायांनाही त्यात धरतो. जोतीराव हरकत घेणार नाहीत.

आणि एक नाव टिपून ठेव: जेम्स हेन्री गुडिंग. न्यू बेडफर्डचा, पूर्वी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर काम केलेला, पलटणीत कॉर्पोरल. २८ सप्टेंबर १८६३ ला त्याने थेट लिंकनला पत्र लिहिलं, आणि त्यात सरळ विचारलं की आम्ही शिपाई आहोत की मजूर. ओलस्टीला तो जखमी होऊन पकडला गेला. पलटणीला थकबाकी मिळाली ती सप्टेंबर १८६४ च्या अखेरीस. गुडिंग त्याच्या दोन महिने आधी, १९ जुलैला, अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत वारला होता. त्याचं पत्र इंटरनेटवर मिळतं. ते वाच, आणि मग फोन कर. कितीही वाजले तरी चालेल.

तुझा,
आजोबा