वेदी आणि सातबारा

ख्रिस्ती श्रद्धा आणि स्थानिक संस्कृती यांच्या नात्याची चर्चा मराठीत बहुधा भाषा, पोशाख, नावे आणि गाणी यांच्याभोवती फिरत राहते. वसईच्या खाडीपासून बोईसर-तारापूर ओलांडून तलासरीपर्यंत पसरलेल्या पालघर जिल्ह्याचा इतिहास पाहता मात्र असे दिसते की, या पट्ट्यात संस्कृतीचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नापासून कधीच सुटा नव्हता. चर्चने ज्या ज्या वेळी हे नाते ओळखले त्या त्या वेळी तिची उत्तरे समाजात रुजली, आणि ज्या वेळी तिने केवळ रूढी आणि पेहराव यांचा निवाडा केला त्या वेळी ती उत्तरे कागदावर राहिली.

या नात्याचा आरंभ १५३४ साली झाला. गुजरातच्या बहादूरशहाने त्या वर्षीच्या तहान्वये वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि पुढे मराठी कागदपत्रांत ज्याला ‘फिरंगाण’ म्हटले गेले तो प्रदेश केळवे-माहीम, तारापूर, डहाणू असा उत्तरेकडे वाढत गेला. गावांचा महसूल पोर्तुगीज सरदारांना आणि काही ठिकाणी धर्मसंघांना तोडून देण्यात आला. त्यामुळे कुणबी, कोळी किंवा भंडारी यांच्यापुढे नवा धर्म आला तो जमीनदाराच्या आणि दर्यावरील सत्तेच्या सोबतीने. धर्मांतरितांनी काय टाकून द्यायचे, हाच त्या काळी चर्चसमोरचा मुख्य सांस्कृतिक प्रश्न होता. याला अपवाद नव्हते असे नाही: फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीछंदात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले आणि पुराणाचा साचा ख्रिस्तकथेला चालतो हे त्याने दाखवून दिले. परंतु राज्यकर्त्या चर्चचा कल दुसरीकडे होता. गोव्याच्या धर्मन्यायालयाने, म्हणजे श्रद्धेतील विचलन शोधून शिक्षा करणाऱ्या इन्क्विझिशनने, १७३६ साली काढलेल्या फर्मानात लग्नातील गाणी, अंगणातील तुळस, धोतर आणि चोळी यांवरही बंदी घातली. पूर्वजांना वंदन करण्याच्या चिनी रीतींना रोमने १७४२ साली अखेरचा नकार दिला, तोही याच मनोवृत्तीतून. तो नकार मागे घ्यायला १९३९ साल उजाडावे लागले.

गोव्याच्या फर्मानानंतर तीनच वर्षांत, १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला आणि मे महिन्यात वसई पडली. सत्ता गेली, सरदार गेले, धर्मगुरू मोजके उरले. तरीही वसईच्या परिसरातील सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतील अनेक ख्रिस्ती कुटुंबे ख्रिस्तीच राहिली. पेशव्यांच्या राज्यात या धर्माने त्यांना कोणताही लाभ मिळणार नव्हता, तरी त्यांनी तो सोडला नाही, या वस्तुस्थितीला धर्मांतराच्या वादात द्यायला हवे तितके महत्त्व कोणत्याच बाजूने दिलेले नाही. याच काळात त्यांची बोली, लुगडे, दागिने आणि लग्नगीते टिकून राहिली, कारण ती बंद पाडील असे फर्मान काढणारा कोणी उरला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती विचाराचे केंद्र पुणे-अहमदनगरकडे सरकले आणि तेथे ते प्रॉटेस्टंट झाले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी भजन-कीर्तनाची परंपरा ख्रिस्तभक्तीत आणली आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, चर्चच्या औपचारिक चौकटीबाहेर ‘देवाचा दरबार’ उभा केला. पालघर पट्ट्यात प्रॉटेस्टंट पंथ आला तो मात्र टिळकांच्या वाटेने आला नाही. अमेरिकेतील ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ या, युद्धाला विरोध करणाऱ्या छोट्या पंथाने विसाव्या शतकाच्या आरंभी डहाणूत काम सुरू केले आणि शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्या मार्गाने ते आसपासच्या भागात नेले. दारूबंदी हा या पंथाच्या शिस्तीचा भाग होता. ताडी आणि मोहाची दारू ज्या समाजाच्या जन्म-लग्न-मरणाच्या विधींत असते, त्या समाजाला ही अट केवळ व्यसनमुक्तीची वाटली असेल असे मानणे कठीण आहे. १९७० साली हा पंथ इतर पाच चर्चसह ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन झाला.

कॅथलिक बाजूला वळण आले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. जगभरच्या बिशपांच्या १९६२ ते १९६५ या काळातील या परिषदेने उपासनेत लोकभाषेला मुभा दिली, इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य नाकारायचे नाही असे जाहीर केले, आणि आधुनिक जगाची सुखदुःखे ही चर्चचीही आहेत असे मानले. वसईला या बदलासाठी फार धावपळ करावी लागली नाही, कारण १९५५ साली सुरू झालेल्या ‘सुवार्ता’ या मासिकाने मराठी ख्रिस्ती वाचक आधीच घडवत आणला होता. मुंबईच्या शेजारी असूनही वसईच्या चर्चने इंग्रजीऐवजी मराठीला धरून राहणे पसंत केले. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा काढलेला वसई धर्मप्रांत, ज्यात पालघर, डहाणू, तलासरीचा आदिवासी भागही येतो, याच भाषिक वळणावर उभा राहिला. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक राहिलेले आणि बायबलचे सुबोध मराठीत भाषांतर करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. निवडीनंतर काही गटांनी धर्मगुरूला हे पद का, म्हणून विरोध केला, परंतु साहित्यविश्वाने निवड फिरवली नाही.

तथापि दिब्रिटो यांचे महत्त्व केवळ भाषेपुरते पाहणे अपुरे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची बागायती जमीन बांधकामासाठी खुली होऊ लागली आणि बिल्डर, राजकारणी व गुंड यांची युती गावोगाव दहशत बसवू लागली, तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या नावाने उभ्या राहिलेल्या आंदोलनाच्या अग्रभागी ते होते, आणि त्यात हिंदू व ख्रिस्ती शेतकरी एकत्र होते. केळी, पानवेली आणि विहिरी यांवर उभे असलेले जीवन गेले तर सामवेदी बोली आणि लाल लुगडे सणाच्या दिवशीच्या प्रदर्शनापुरते उरेल, हे या आंदोलनाने ओळखले होते. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे निसर्गरक्षणाविषयीचे परिपत्रक २०१५ चे आहे. वसईच्या लोकांनी तोच विचार पाव शतक आधी सातबाऱ्याच्या भाषेत मांडला होता.

उत्तरेकडे, डोंगरपट्टीत, हाच विचार अधिक टोकाला गेला. तलासरीच्या परिसरात येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंचे, मिशन होते; आणि याच परिसरातील झरी येथे १९४५ साली कम्युनिस्ट नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. जमीनदाराशी भांडण्याचे काम त्या वेळी लाल बावट्याने केले, मिशनने शाळा चालवली. ही कामाची वाटणी पुढे अनेक तरुण येशूसंघीयांना टोचू लागली. दक्षिण अमेरिकेतील मुक्तिदायी धर्मविचार, म्हणजे देव दरिद्री माणसाच्या बाजूने इतिहासात उभा राहतो असे मानणारा विचार, तोवर भारतात पोहोचला होता आणि १९७४-७५ च्या येशूसंघाच्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायाचा आग्रह एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत असा ठराव केला होता. या वातावरणात, १९७८ साली, येशूसंघात धर्मगुरू असलेले पीटर डिमेलो, जे पुढे प्रदीप प्रभू या नावाने ओळखले गेले, आणि त्यांचे सहकारी यांनी ‘कष्टकरी संघटना’ उभी केली. वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क ठरवताना केवळ सरकारी कागद न पाहता इतर पुरावाही ग्राह्य धरावा, हा आग्रह प्रभू यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९९६ चा पेसा कायदा, जो अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार देतो, आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या मागे ज्या चळवळी होत्या त्यांत या संघटनेचा वाटा मोठा आहे. संघटनेवर डाव्यांनी मिशनरी असल्याचा आणि उजव्यांनी धर्मांतराचा आरोप केला. तिने मात्र स्वतःला कधीच चर्चची शाखा मानले नाही आणि प्रभूही पुढे धर्मगुरू राहिले नाहीत. विचार चर्चमध्ये जन्मला आणि वाढला चर्चबाहेर. संस्थेने त्याला फार काळ घरात ठेवून घेतले असते का, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

जमिनीच्या बाबतीत इतके पुढे गेलेल्या या विचारापुढे विधीच्या बाबतीत मात्र एक गाठ राहिली. वारली लग्नात घराच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते आणि तिच्यासमोर गाणी म्हणत लग्न लावते ती धवलेरी. ती भगताच्या हाताखालची मदतनीस नसून तीच लग्नाची पुरोहित असते, आणि तिचे गाणे संपल्याशिवाय लग्न लागले असे समाज मानत नाही. कॅथलिक नियमाप्रमाणे विवाह वैध होण्यासाठी सर्वसाधारणपणे धर्मगुरू किंवा उपधर्मगुरू आणि दोन साक्षीदार लागतात. धवलेरीला त्या विधीत नेमून दिलेले स्थान नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे वारली चित्रकला जगभर पोहोचल्यावर त्या शैलीत ख्रिस्तजन्माची चित्रे काढली जाऊ लागली आणि नाताळच्या शुभेच्छापत्रांवरही ती आली. चित्राला आत प्रवेश मिळाला, चित्रापुढे गाणारी बाई उंबऱ्याबाहेरच राहिली. आणि धर्मकार्यात स्त्रीचे स्थान काय, हा आज जगभरच्या चर्चला सतावणारा प्रश्न येथे शहरी शिक्षणातून न येता पाड्यावरून आला आहे, याची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही.

बोईसर-तारापूरमध्ये प्रश्नाचे रूप पुन्हा बदलते. १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र, पुढे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी हटवलेली अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे, आणि रसायने, औषधे, पोलाद, कापड यांची औद्योगिक वसाहत यांनी हा भाग अर्ध्या शतकात पालटून टाकला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. कामाच्या शोधात येथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली, आणि त्यांच्यातील ख्रिस्ती आपापली भाषा व पंथ घेऊन आले. ज्या चर्चने मराठीला धरून राहण्यात आपली ओळख शोधली, तिच्यासमोर आता मल्याळी, तमिळ आणि हिंदीभाषक उपासक बसतात. कंत्राटी कामगाराला ख्रिस्ती संस्कृती कोणती याची चिंता नसते. सुट्टी मिळेल का आणि अपघात झाला तर भरपाई कोण देईल, हे त्याचे प्रश्न असतात. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात न्याय्य वेतन आणि विश्रांती हे श्रमिकाचे हक्क मानले होते, पण बोईसरच्या कारखान्यांबाबत त्या शिकवणीचा आवाज क्षीण आहे. प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली ती मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने. वसईत बागायतदार ख्रिस्ती होता म्हणून चर्च उभी राहिली आणि येथील बाधित बहुतांशी ख्रिस्ती नसल्याने ती मागे राहिली, असा निष्कर्ष कठोर वाटला तरी सहज टाळता येणारा नाही.

अलीकडच्या काळात श्रद्धा आणि जमीन यांच्या या नात्याला आणखी एक पदर जोडला गेला आहे. ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, अशी मागणी देशभर होत आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींच्या आदेशात ती नाही. म्हणून कायद्याने ख्रिस्ती वारली आजही वारलीच आहे. जमातीचा दाखला गेला तर राखीव जागांबरोबर जमिनीचे संरक्षणही जाईल, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ यांच्यामुळे आदिवासीची जमीन परवानगीविना बिगर-आदिवासीच्या नावे होत नाही; आणि समुद्रकिनारी वाढवण बंदर, डोंगराकडे द्रुतगती मार्ग अशा प्रकल्पांमुळे या जमिनीला कधी नव्हे इतका भाव आला आहे. धर्मांतराने जमात बदलत नाही, हे चर्चचे उत्तर कायद्याला धरून आहे. मात्र तेच उत्तर तिच्यावरही एक जबाबदारी टाकते. आपल्या धर्मग्रामातील वारली पूर्णपणे वारली आहे असे जी चर्च न्यायालयात आणि तहसील कार्यालयात सांगेल, तिला त्याच्या लग्नाच्या दिवशी चौकाचे आणि धवलेरीचे काय करायचे, हेही ठरवावे लागेल.