विकत घेतलेले नाव : ओरिकी, ओवी आणि मलिक अंबर

योरुबा भाषेत ‘ओरी’ म्हणजे डोके, आणि जन्मापूर्वी माणसाने स्वतः निवडलेले प्राक्तनही. प्रामुख्याने नैऋत्य नायजेरियात राहणाऱ्या ह्या समाजात व्यक्तीची, घराण्याची आणि गावाची जी गौरवपर संबोधने मौखिक परंपरेने चालत आली आहेत त्यांना ‘ओरिकी’ म्हणतात. कॅरिन बार्बर यांनी ओकुकू गावातील स्त्रियांच्या ओरिकींचा अभ्यास १९९१ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्यावरून दिसते की ओरिकीला निव्वळ स्तुती म्हणणे अपुरे आहे. तीत पराक्रमाशेजारी फजितीलाही जागा असते, कालक्रमाचे बंधन नसते, आणि ती म्हटली जात असताना मृत पूर्वज ऐकणाऱ्यांच्या सान्निध्यात येतो. नाव जपले जाते ते उच्चारणाऱ्यांच्या तोंडी, ही ह्या परंपरेमागील धारणा.

मराठी अभ्यासकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. गोदावरीच्या अलीकडे शहागडला काय किंवा पूल ओलांडून बीड जिल्ह्यात काय, जात्यावर बसलेल्या स्त्रीने भावाचे आणि लेकाचे नाव ओवीत गुंफण्यामागे हाच व्यवहार होता. इतिहासाने ज्यांची नोंद घेतली नाही अशी असंख्य माणसे ओवीत नावानिशी टिकली. परंतु ओरिकी काय किंवा ओवी काय, दोन्ही नात्याचे जाळे गृहीत धरतात. ज्याचे हे जाळेच विक्रीच्या व्यवहारात तोडले गेले, त्याचे नाव कोणी घ्यावे? आणि घ्यायचे तर कोणते?

हा प्रश्न ह्याच भूप्रदेशात उभा राहतो. शहागड आज ज्या जालना जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यातील रोषणगावाजवळ १६१६ मध्ये मोगलांनी मलिक अंबरचा पराभव केला. (शहागडचा तालुका अंबड, पण परंपरा त्या नावाचा संबंध राजा अंबरीषाशी जोडते. नामसादृश्याचा मोह इथे आवरलेला बरा.) मलिक अंबर हबशी, म्हणजे इथिओपियाचा, योरुबांच्या भूमीपासून ते फार दूर. त्याचे आधीचे नाव ‘चापू’ असल्याचे आपण वाचतो, ते १६१७ मध्ये त्याला भेटलेल्या पीटर व्हॅन डेन ब्रूक ह्या डच व्यापाऱ्याच्या नोंदीमुळे. हाच व्यापारी तो मोखा बंदरात विकला गेल्याचेही नोंदवतो. ‘अंबर’ हे नाव बगदादमधील मालकाने दिले. अंबर हे सुगंधी द्रव्य. मोलाच्या वस्तूचे नाव मोल देऊन घेतलेल्या माणसाला. ऑर्लँडो पॅटरसन यांनी १९८२ मध्ये दास्याची व्याख्या करताना जन्मसिद्ध नात्यांपासूनचे तुटलेपण हा घटक केंद्रस्थानी ठेवला. हे नामकरण त्या व्याख्येचे उदाहरण ठरावे.

योरुबा इतिहासात ह्याच्या उलट गेलेले एक चरित्र आहे. ओसोगुन गावचा अजायी १८२१ मध्ये पकडला गेला, अनेकदा विकला गेला, आणि १८२२ मध्ये ब्रिटिश आरमाराने त्याची गलबतावरून सुटका केली. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला एका इंग्रजाचे, सॅम्युएल क्राउदरचे, नाव मिळाले. १८६४ मध्ये तो बिशप झाला. योरुबा बायबलच्या भाषांतराचा तो मुख्य कर्ता. पण ‘अजायी’ हे नाव त्याने सोडले नाही. पालथ्या जन्मलेल्या मुलाला योरुबा लोक हे नाव देतात. ते मूल जन्मताना सोबत घेऊन येते, असे मानतात. १८४६ मध्ये अबेओकुटा येथे त्याची आई त्याला पुन्हा भेटली. त्याने आपल्या अपहरणाची हकिकत स्वतः लिहिली. अंबरच्या बाबतीत आईची हाकही नाही आणि स्वकथनही नाही.

अशा स्थितीत ‘गुलाम ते पेशवा’ हा चरित्राचा रूढ साचा नैतिकदृष्ट्या संशयास्पद ठरतो. त्यात विक्री ही यशाची प्रस्तावना होते. पुढच्या कर्तृत्वाने मागचा व्यवहार जणू फिटतो. उलट, ‘चापू’ हेच त्याचे खरे नाव म्हणून त्याला ते परत बहाल करण्यातही फसगत आहे. परक्या व्यापाऱ्याच्या कानाने टिपलेला तो उच्चार म्हणजे नात्यातली हाक नव्हे. देशीवादाच्या चर्चेत ह्या पेचाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. जन्माने आणि नावाने परका असलेला हा माणूस ‘मलिकंबरी’ ह्या विशेषणाने मराठी महसुली परिभाषेत रुजला. त्याने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीची नावे पुढे फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर अशी बदलत गेली. नहर मात्र अंबरी राहिली. मालकाने दिलेले नाव धारेकऱ्यांच्या आणि पाणी भरणाऱ्यांच्या तोंडी गेले, तेव्हा ते मालकाचे उरले नाही, एवढे तरी म्हणता येते.

नाते जन्मानेच मिळावे लागते असेही नाही. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बाबासाहेबांना आपल्या घरचा माणूस करून घेतले. रक्ताचे नाते नसलेल्याचे नाव कृतज्ञतेने आपले करण्याची ही ताकद ओवीत आहे. अंबरचे नाव अशा रीतीने आपले करायचे, तर ओरिकीची अट पाळावी लागेल : फजिती वगळता येणार नाही, आणि अपराधही. अंबरच्या फौजेत विकत घेतलेले हबशी होते. त्यांनाही कोणीतरी नावे दिली होती, आणि त्यांच्याबाबत मालकाच्या जागी अंबर होता.