वऱ्हाडचा कापूस आणि साम्राज्याची खरेदी

१९२६ साली लंडनमध्ये एम्पायर मार्केटिंग बोर्ड सुरू झालं. ब्रिटिश गृहिणीनं साम्राज्यातलाच माल घ्यावा, हे तिच्या मनावर ठसवणं हे त्याचं काम. न्यूझीलंडचं लोणी, ऑस्ट्रेलियाचे मनुके, हिंदुस्थानचा चहा. त्याचे सचिव स्टीफन टॅलेंट्स यांनी नामवंत चित्रकारांकडून भित्तिपत्रकं करून घेतली. नाताळच्या पुडिंगसाठी राजवाड्यातल्या आचाऱ्याची कृती घराघरांत पोचवली. कोणता जिन्नस साम्राज्याच्या कोणत्या मुलखातला, हेही तिच्यात होतं.

एवढी मनधरणी का करावी लागली? कारण ते गिऱ्हाईक मतदारही होतं. परदेशी धान्य-फळांवर जकात बसवली असती तर महागाईनं मतं गेली असती. म्हणून जकातीऐवजी जाहिरात आली.

वऱ्हाडात मनधरणीची गरज कुणाला वाटली नाही. १८५३ साली निजामाकडून हा कापूसमुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा सगळ्यांचे डोळे इकडे वळले. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले ते जलंब-खामगाव या जेमतेम तेरा किलोमीटरच्या रेल्वेफाट्यासाठी. गावाचा कापूसबाजार मुंबई बंदराला जोडायचा, एवढंच त्या फाट्याचं प्रयोजन. रुईच्या गाठी बाहेर गेल्या, विलायती कापड आत आलं. १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. लँकेशायरच्या कापडावर तेवढीच आयात जकात होती, आणि तिचा लाभ हिंदी गिरण्यांना मिळू नये म्हणून हा कर. इथल्या माणसानं काय नेसावं हे कायद्यानं ठरत होतं. भित्तिपत्रकाचा खर्च कशाला?

पुढचा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. ‘उमरा’ या व्यापारी नावानं विकला जाणारा वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरच्या यंत्रांना अमेरिकेचा लांब धागा हवा. साम्राज्याच्या राजधानीला आपला कापूस नकोच होता. तो घेत होतं जपान. १९३२ च्या ओटावा करारानं साम्राज्यांतर्गत व्यापाराला सवलती मिळाल्या. हिंदुस्थानात जपानी कापडावरची जकात त्याच वर्षी पन्नास टक्क्यांवर आणि १९३३ च्या जूनमध्ये पंचाहत्तर टक्क्यांवर गेली. जपानी गिरण्यांनी उलट हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. मंदीनं आधीच पडलेल्या भावावर हा दुसरा घाव.

त्याच काळात लँकेशायरमध्ये हिंदी कापूस वापरावा म्हणून खास समिती नेमली गेली. म्हणजे साम्राज्याचा माल घ्या, हा आग्रह अखेर आपल्या कापसासाठीही झाला. पण गिरणीचं चातं समितीच्या आग्रहाला भुलत नाही. सुटका झाली ती १९३४ च्या जानेवारीतल्या हिंद-जपान समझोत्यानं: जपाननं वर्षाला दहा लाख गाठी कापूस घ्यायचा, त्या प्रमाणात त्याला कापड पाठवता यायचं. एम्पायर मार्केटिंग बोर्ड त्याआधीच, १९३३ मध्ये, बंद झालं होतं.

स्वदेशीची चळवळ साम्राज्याच्या या आग्रहाहून वेगळी आणि मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात सत्तेविरुद्ध उभं राहण्याची किंमत खरेदीदारानं स्वतः मोजली. दिल्ली दरबारात खादी नेसून गेलेले स्वदेशीचे पुरस्कर्ते सार्वजनिक काका आणि तळेगावच्या काचकारखान्यासाठी लोकवर्गणीतून जमलेला पैसा फंड ही त्याची साक्ष. तरीही देशभक्तीच्या खरेदीचा हिशेब मी दोन जागी मांडतो: दुकानात आणि शेताच्या बांधावर. बांधावर कापूसवाल्याला काय भाव मिळाला, हे बघितल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये देशाला पुन्हा स्वदेशी खरेदीचं आवाहन झालं. त्याच महिन्यात कापसावरची अकरा टक्के आयात जकात उठवली गेली. ही सूट आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. बुलढाणा जिल्ह्यात शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन पहिल्या वेचणीचा कापूस बाजारात येतो, तो नेमका याच महिन्यांत.