ढोलकी ज्या दारी वळली नाही

आगमनकाळातील तिसऱ्या रविवारचे प्रवचन
वाचने : यशया ३५:१-६, १०, याकोब ५:७-१०, मत्तय ११:२-११



आज आगमनकाळाचा तिसरा रविवार. वेदीजवळची गुलाबी मेणबत्ती आज पेटली. ख्रिस्तसभेच्या परंपरेत हा आनंदाचा रविवार मानला जातो. नाताळ अगदी दाराशी आला आहे. आपल्या तरुणांनी कॅरलची तयारी सुरू केली आहे. पेटी दुरुस्त होऊन आली, ढोलकीला नवीन पान चढले. अशा आनंदाच्या दिवशी मला तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे.

गेल्या नाताळच्या आधी आपली कॅरल पार्टी टेम्पोतून निघाली, तेव्हा मीही बरोबर होतो. एका संध्याकाळी बरीच घरे करायची होती. जिथे दारावर चांदणी लटकत होती, दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या, तिथे आम्ही थांबलो. गाणी झाली, केक झाला, चहा झाला. एका गल्लीच्या टोकाचे घर मात्र अंधारात होते. कुणीतरी म्हणाले, "तिथे झोपले असतील." उशीर झालाच होता. मीही म्हणालो, "चला, पुढे घ्या." टेम्पो पुढे गेला.

नाताळनंतर मी आजारी माणसांना कम्युनियन द्यायला निघालो आणि त्याच घरी गेलो. तिथे आपल्यातल्याच एक आजी राहतात. नाव सांगत नाही. त्यांच्या परवानगीने हे सांगतो आहे. गुडघ्यांमुळे त्यांना मिस्साला येता येत नाही. मुलगा-सून कामासाठी पुण्याला असतात. प्रार्थना झाल्यावर आजी म्हणाल्या, "फादर, ढोलकी ऐकू आली बघा त्या दिवशी. म्या दार उघडून बसले होते. पण लेकरं इकडं वळलीच नाहीत."

फळीवर स्टीलचा डबा होता. त्यात करंज्या होत्या, आमच्यासाठी ठेवलेल्या. घरातला बल्ब गेला होता आणि स्टुलावर चढून तो बदलणारे कुणी नव्हते. दिवा नव्हता म्हणून आम्ही वळलो नाही. आणि घरात दुसरे माणूस नव्हते म्हणून दिवा नव्हता. आजींनी तक्रार केली नाही. पण ते वाक्य वर्षभर माझ्या कानात राहिले आहे.

आता आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या. योहान बाप्तिस्ता तुरुंगात आहे. यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की हेरोदाने त्याला मृत समुद्राच्या पलीकडील मखेरसच्या किल्ल्यात ठेवले होते. यार्देन नदीच्या काठी ज्याच्याभोवती लोकांची गर्दी होत असे, तो आज एका कोठडीत एकटा आहे. बाहेर येशूची कामे चालू आहेत. त्याची नुसती बातमी आत येते, दुरून ढोलकी ऐकू यावी तशी. आणि एकटेपणात जे प्रत्येकाचे होते तेच या महान संदेष्ट्याचेही होते. मनात शंका येते. तो आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवून विचारतो, येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची?

बंधुभगिनींनो, एकट्या माणसाचा प्रश्न असाच असतो. माझी कुणाला आठवण आहे का? देवाला तरी आहे का?

येशू काय करतो? तो योहानाला रागावत नाही. तो कोठडीचे दारही फोडत नाही. तो आलेल्या शिष्यांनाच परत पाठवतो आणि सांगतो, तुम्ही जे पाहिले, जे ऐकले, ते जाऊन योहानाला सांगा. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांना शुभवार्ता मिळते. योहान कोठडीतून सुटला नाही. पुढे तिथेच त्याचा शिरच्छेद झाला. पण त्याआधी शुभवार्ता चालत त्याच्या कोठडीपर्यंत गेली. ती देवदूताने नेली नाही. तुमच्या-आमच्यासारख्या माणसांनी, पायपीट करून नेली.

नाताळचे गाणे हा असाच निरोप आहे. आपण एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या दारी एक गाणे म्हटले म्हणून त्याचे गुडघे बरे होणार नाहीत. पुण्याला गेलेला मुलगा परत येणार नाही. जे गेले त्यांची जागा भरणार नाही. पण तुझा तारणारा आला आहे आणि तू आमच्या मोजणीत आहेस, ही बातमी त्याच्या कोठडीत पोहोचेल. आणि ती पोहोचवायला येशूजवळ आपल्याशिवाय कोण आहे?

जगातले पहिले नाताळगीत आठवा. देवदूतांनी ते मंदिरात म्हटले नाही. बेथलेहेम गावातही म्हटले नाही. ते त्यांनी रानात रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांसमोर म्हटले. गावात सण असो की शिरगणती असो, कळप सोडून मेंढपाळांना येता येत नसे. ज्यांना येता येत नव्हते त्यांच्याकडे गाणे आधी गेले. कॅरल पार्टीचा हा मूळ धर्म आहे, आणि तो आपण विसरत चाललो आहोत. आपण सोयीच्या घरांची यादी करतो. देवाच्या यादीत गैरसोयीचे घर पहिले होते.

मुदखेडचे मेंढपाळ कोण? आपले गाव जंक्शन आहे. इथून मनमाडकडे, सिकंदराबादकडे आणि आदिलाबादकडे रूळ जातात. चोवीस तारखेच्या रात्रीही गाड्या धावतात. त्यामुळे कुणी गेटमन फाटकावर असतो, कुणी गँगमन थंडीत रूळ तपासत असतो. आपल्या गावात सी.आर.पी.एफ.चे प्रशिक्षण केंद्र आहे. दूरदूरच्या राज्यांतून आलेली जवान मुले घराची आठवण काढत तिथे झोपतात. आपल्या भागातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे नाताळात कारखान्याच्या तळावर असतात आणि मागे गावात म्हातारी माणसे घर राखतात. शिवाय अंथरुणाला खिळलेले आहेत, ज्यांच्या घरी यंदा माणूस गेले ते आहेत. आणि एक घर असे असते की ज्यांच्याशी काही वादामुळे आपले बोलणे बंद आहे. त्या दारापुढे टेम्पो थांबवायला सगळ्यात जड जाते. कदाचित तिथेच सगळ्यात आधी थांबायला हवे.

तुम्ही म्हणाल, फादर, एकटेपणाचे एवढे काय? मग २०२० चा नाताळ आठवा. कोरोनाच्या त्या वर्षी चर्चमध्ये ५० पेक्षा जास्त लोक नकोत, असा शासनाचा नियम होता. घरोघरी गाणी नाहीत, गळाभेट नाही, पाहुणा नाही. नाताळ आला आणि दाराबाहेरूनच गेला, असे तेव्हा किती जणांना वाटले! तो एक नाताळ आपल्याला इतका जड गेला. आजींसारख्यांसाठी प्रत्येक नाताळ २०२० चाच असतो. आपली बंदी उठली, त्यांची उठलेली नाही.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे चांगला गायक नाही, कीबोर्ड नाही. त्यांच्यासाठी एक खरी गोष्ट सांगतो. ऑस्ट्रिया देशात साल्झबर्गजवळ ओबेर्नडोर्फ नावाचे नदीकाठचे गाव आहे. तिथले लोक मिठाच्या नावा चालवून पोट भरत. युद्धांनी तो मुलूख गरीब झाला होता. २४ डिसेंबर १८१८ रोजी तिथले तरुण सहायक धर्मगुरू योसेफ मोर यांनी स्वतः लिहिलेली कविता फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांकडे नेली आणि चाल लावायला सांगितले. त्याच रात्री दोघांनी एका गिटारच्या साथीने ती म्हटली. आज शेकडो भाषांत गायिले जाणारे 'सायलेंट नाइट' ते हेच. एक फादर, एक मास्तर, एक गिटार. एवढ्याने भागले.

आणि मराठीत तर आपली परंपरा त्याहून जुनी आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. ते इंग्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू होते, पण त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. ओवी का? कारण ती लोकांच्या तोंडी होती. जात्यावर बसलेली बाई कोणतेही वाद्य नसताना ओवी म्हणू शकत होती. पुढे अहमदनगरच्या बाजूला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनातून हेच केले. जे गाणे घरात, अंगणात, एकट्या माणसालाही म्हणता येते, तेच टिकते.

म्हणून यंदाच्या कॅरलसाठी माझ्या काही विनंत्या आहेत.

पहिली, यादी उलटी करू या. जे चर्चला येऊ शकत नाहीत त्यांची घरे आधी, दिवेलागणीलाच. मुले ताजीतवानी असतात तेव्हाच तिथे जाऊ. रोषणाईच्या घरांना उशीर झाला तर ते समजून घेतील. आपल्या शेजारी असे कुणी असेल तर आज मिस्सानंतर माझ्याकडे किंवा सिस्टरांकडे नाव द्या. आपला मनुष्य आहे की दुसऱ्या पंथाचा की दुसऱ्या धर्माचा, हे पाहू नका. बाकीच्यांनी नको म्हटले तर मान ठेवा. पण विचारल्याशिवाय 'नको' गृहीत धरू नका.

दुसरी, आजारी माणसाच्या खोलीत ढोलकी नको. ती दाराबाहेर ठेवा. पेटी हळू, आवाज खाली. चार जण आत, बाकीचे अंगणात. नवीन सिनेमाच्या चालीवरची गाणी तिथे नकोत, जुनी म्हणा. ज्यांना स्वतःच्या नातवाचे नाव आठवत नाही अशी माणसेही लहानपणची गाणी ओठांत म्हणू लागतात, हे मी पाहिले आहे. दुखवट्याच्या घरी एकच शांत गाणे आणि एक प्रार्थना. दुःखात सण करायचा नसतो हे खरे, पण दुःखात एकटे सोडायचे असते असे कुठेच सांगितलेले नाही.

तिसरी, त्या घरांत दानपेटी पुढे करू नका आणि मोबाइलवर चित्रण करू नका. गाणे झाले की लगेच उठू नका, थोडे बसा. करंजी दिली तर खा. आणि हो, बरोबर एक बल्ब असू द्या.

चौथी, एकदाच जाऊन थांबू नका. सव्वीस तारखेनंतरचे दिवस एकट्या माणसाला जास्त लांब वाटतात. तीन राजांच्या सणापर्यंत नाताळचा काळ आहे. तेवढ्यात पुन्हा एक फेरी होऊ शकते, ढोलकीशिवाय, नुसती बोलायला.

रेल्वेच्या आणि सी.आर.पी.एफ.च्या ठिकाणी रीतसर परवानगी घेऊनच जावे लागेल. ती मी आधी विचारतो. जिथे मिळणार नाही तिथे फराळाचा डबा आणि आपली प्रार्थना तरी पोहोचवू.

शेवटी, त्या दिवशी आजींच्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. मला लाज वाटत होती. मी म्हणालो, "आजी, आता म्हणू का एक गाणे?" त्या हसल्या. मी एकट्यानेच, पेटी नाही की टाळ नाही, एक जुने नाताळगीत सुरू केले. पहिले कडवे झाले. दुसऱ्या कडव्यात माझे शब्द अडले. आजींनी डोळे मिटून ते पूर्ण केले. मग तिसरे म्हटले, चौथे म्हटले. ती कडवी आपल्या चर्चमध्ये आता कुणालाच येत नाहीत. मी त्यांना नाताळ द्यायला गेलो होतो. मला न येणारी कडवी घेऊन परतलो. यंदा आपली मुले वही घेऊन त्यांच्याकडे बसणार आहेत आणि नाताळच्या रात्रीच्या मिस्सात ते गीत पूर्ण म्हणणार आहेत. गाणारे चर्चमध्ये असतील, पण त्या रात्री आजीही आपल्यात असतील.

यशया संदेष्टा आज सांगतो की ओसाड रान फुलेल आणि मुक्याची जीभ गाऊ लागेल. मुदखेडच्या माणसाला फुलांबद्दल काही शिकवायला नको. पहाटेच्या अंधारात तोडणी होते तेव्हा कुठे बाजारात माळ दिसते. आनंदाचेही तसेच आहे. कुणीतरी अंधारात जावे लागते.

यंदा टेम्पो त्या गल्लीच्या टोकापर्यंत जाईल. दिवा असो वा नसो, आपण वळू.

प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, तू गव्हाणीत आलास तेव्हा तुझ्याकडे पहिले आले ते रात्री जागणारे लोक. आमच्या गावातल्या प्रत्येक एकट्या माणसाच्या घरी तुझ्या जन्माची बातमी नेण्यासाठी आमचे पाय वळव, आमचा आवाज कोमल कर आणि ज्या दारापुढून आम्ही निघून गेलो त्याबद्दल आम्हांला क्षमा कर.

सर्वसमर्थ देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.