दोनशे टाके, एक गोधडी



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४१.

भगवंत अर्जुनाला सांगतात, की ज्याचा निश्चय झाला त्याची बुद्धी एकच असते. ज्याचा निश्चय झालेला नाही त्याच्या बुद्धीला फांद्या फुटत राहतात, आणि त्या फांद्यांना शेवटच नसतो. पहिल्या बुद्धीला गीतेत 'व्यवसायात्मिका बुद्धी' असं नाव आहे. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे हं. व्यवसाय म्हणजे पक्कं ठरवणं.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. पण तो मला कळला एका शिलाई मशीनपुढे बसून, आणि कळला तोही उशिरा. आज तेच सांगते.

माझी आजी गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत नऊ लुगडी निघाली. धुऊन धुऊन मऊ झालेली, काहींचे काठ विरलेले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती वाटू दिली नाहीत. दिवाळीला मी पुण्याहून नगरला गेले होते, तेव्हा म्हणाले, "याची एक गोधडी शिव ना गं. थंडीत आईची ऊब राहील." (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या घरात बोलताना अजून नगरच येतं, सांभाळून घ्या.)

अण्णा कधी कुणाकडे काही मागायचे नाहीत. हे मागितलं. मी लगेच हो म्हटलं.

नेवासा तालुक्यात माझी आत्या राहते. तिच्याकडे जुनं काळं पायमशीन आहे. एकच टाका घालतं, सरळ. ती म्हणाली, "माझं मशीन घेऊन जा. गोधडीला दुसरं लागतंय काय?" मला मनातून हसूच आलं. आत्याचं ते खडखड करणारं मशीन! मी ऑनलाइन शोधायला बसले आणि एक छान मशीन मागवलं. छोटा स्क्रीन, दोनशेच्या वर टाके, फुलं, पानं, अक्षरंसुद्धा. दीड महिन्याचा पगार गेला, पण वाटलं, अण्णांसाठीच तर आहे.

मग काय झालं माहितीये? मी शिकत राहिले. आज हा टाका, उद्या तो. प्रत्येक लुगड्याला वेगळी नक्षी घालायची असं ठरवलं, मग मोडलं, मग पुन्हा ठरवलं. व्हिडिओ पाहिले, दोऱ्याची रिळं मागवली, डिझाइनं साठवून ठेवली. एकदा सगळे थर एकत्र करून मशीनखाली घातले तर टाके सुटायला लागले. दोन सुया मोडल्या. मी झाकण घातलं आणि म्हटलं, नीट शिकून घेते आणि मगच लुगड्यांना हात लावते.

मार्गशीर्षात अण्णांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "झाली का गं ती?" मी म्हटलं, "होतेय अण्णा. एकदम भारी करतेय, बघा तुम्ही."

पौषात एका पहाटे अण्णा झोपेतच गेले. अंगावर दुकानातून आणलेलं ब्लँकेट होतं. लुगडी ट्रंकेतच होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

माउलींनो, त्या मशीनचा काही दोष नव्हता. नंतर कापड बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी सुई पाहिली आणि विचारलं, "ताई, ही ११ नंबरची पातळ सुई लावून तुम्ही गोधडी शिवत होता?" जाड थरांना १६ नंबरची सुई लागते. टाका लांब ठेवावा लागतो, कापडावरचा दाब थोडा सैल करावा लागतो. इतकंच. दोनशे टाक्यांची नावं मला पाठ होती, पण सुईचा नंबर माहीत नव्हता. बुद्धीला फांद्या फुटणं म्हणतात ते हेच. प्रत्येक फांदीला पालवी असते, म्हणून वाटतं की झाड वाढतंय. फळ मात्र एकालाही धरत नाही.

पुढच्या वर्षी आईला घेऊन मी नेवाशाला गेले. प्रवरेकाठी त्या खांबाचं दर्शन घेतलं. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वर माउलींनी इथेच ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून माउली बसायचे असं आपण मानतो, तो हा 'पैसाचा खांब'. त्याच्याशेजारी बसल्यावर एक गोष्ट पहिल्यांदाच डोक्यात आली. माउलींना संस्कृत येत नव्हतं म्हणून ते मराठीत बोलले, असं नाही. गीता समोर होती, तिच्यावरची जुनी भाष्यं माहीत होती. तरी त्यांनी बाजारात, शेतात, चुलीपाशी बोलली जाणारी भाषा निवडली. कारण काय करायचं ते आधी ठरलं होतं: समोर बसलेल्या साध्या माणसापर्यंत गीता पोचवायची. काम ठरलं, मग त्या कामाची भाषा निवडली. मी नेमकं उलटं केलं होतं. आधी साधन आणलं, आणि मग त्या साधनाला शोभेल असं काम शोधत बसले.

याच श्लोकावर बोलताना माउली दिव्याच्या ज्योतीचा दृष्टान्त देतात. ज्योत दिसायला एवढीशी, पण उजेड केवढा. तशी सद्बुद्धी लहान दिसली तरी तिला लहान म्हणू नये, असं ते सांगतात. मला आत्याचं काळं मशीन आठवलं, आणि त्याला हसलेली मीही.

त्याच संध्याकाळी आत्याकडे गेलो. ट्रंकेतली लुगडी बरोबर नेली होती. आत्या काही बोलली नाही. लुगडी जमिनीवर पसरली, एकावर एक थर घातले, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि हातानेच मोठे मोठे कच्चे टाके घालून सगळं धरून ठेवलं. मग मला मशीनवर बसवलं. म्हणाली, "मधून सुरू कर, बाहेर ये. कडेनं सुरू केलंस तर सगळा चोळ मधी गोळा होईल." चार बोटांच्या अंतरावर एकेक सरळ रेघ. पाय हलवायचा, कापड हलकेच धरायचं, ओढायचं नाही. जड चाक एकदा फिरायला लागलं की सुई थरांतून आपोआप पार जाते. सरळ टाक्याच्या मशीनला सुईसाठी एकच बारीक भोक असतं, त्यामुळे खालून कापडाला आधार राहतो आणि टाका वाकडा जात नाही. त्याला दुसरीकडे जायला वाटच नाही ना!

मी विचारलं, "आत्या, टाका चांगला पडला हे कसं ओळखायचं?" तिने कापड उलटं करून दाखवलं. मशीनच्या टाक्यात दोन दोरे असतात. एक वरून रिळातून येतो, एक खालून बॉबिनमधून. वरचा जास्त ताणला तर खालचा दोरा वर दिसायला लागतो. खालचा ताणला तर वरचा खाली ओढला जातो. दोघांचा ताण सारखा असला की त्यांची गाठ कापडाच्या पोटात बसते. वरून दिसत नाही, खालून दिसत नाही, पण सगळी गोधडी तिच्यावरच धरलेली असते.

मित्रांनो, आपल्याला असंच जगायचंय ना? वरचा दोरा प्रपंचाचा: नोकरी, ईएमआय, आईचं औषध. खालचा दोरा नामाचा. दोघांची गाठ आत, कुणाला न दिसणाऱ्या जागी. भक्ती वर दिसायला लागली, फोटोत, स्टेटसमध्ये, तर समजायचं की कुठला तरी ताण बिघडलाय. हे मी आधी स्वतःलाच सांगतेय.

आणि हे काही शिवणापुरतं नाही. आपल्याच जिल्ह्यात, राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादला महिपती होऊन गेले, संतांची चरित्रं लिहिणारे. त्यांच्या 'भक्तविजया'ला शके १६८४ चं, म्हणजे इ.स. १७६२ चं साल आहे. ते गावचे कुलकर्णी, हिशेब लिहिणारे. पूजा चालू असताना जहागीरदाराचं बोलावणं आलं, आणि ते काम उरकून परतल्यावर त्यांनी ठरवलं की आता ही लेखणी फक्त संतांसाठी चालेल, असं सांगतात. लेखणी बदलली नाही. लेखणीचं काम एक झालं. नामदेवराय तर शिंप्याच्याच घरचे. गज, कात्री, सुई, दोरा ही घरातली हत्यारं त्यांच्या पदांत नामस्मरणाची साधनं होऊन येतात. भक्तीसाठी त्यांनी वेगळं दुकान मांडलं नाही.

आता एक धोका सांगते, कारण मी त्यातही पडले. गोधडी झाल्यावर मी मैत्रिणींना सांगत सुटले, "मी साध्या मशीनवर करते बाई, मला ते स्क्रीनवालं नको." आत्याने ऐकलं आणि म्हणाली, "मग काय, आता साधेपणाची नक्षी काढतीस व्हय?" गप्पच बसले. खरंय. साधं ते पवित्र आणि महाग ते पापी, असं गीता कुठे म्हणते? आमच्या ओळखीतली एक मुलगी ब्लाउजवर नक्षी काढून घर चालवते. तिला माझ्या मशीनची खरी गरज होती. मी ते तिला दिलं. तिच्याकडे ते रोज चालतं, कारण तिचं काम ठरलेलं आहे. माझ्याकडे ते झाकणाखाली होतं, कारण माझं ठरलेलं नव्हतं. मशीन तेच, बुद्धी वेगळी. म्हणून प्रश्न साधं की भारी हा नाहीच. प्रश्न हा की मला काय करायचंय ते ठरलंय का, आणि कुणासाठी?

आता हेच आपल्या साधनेला लावून बघा. जपाची तीन ॲप, दोन माळा, एक तुळशीची आणि एक स्फटिकाची. हरिपाठ कुठल्या चालीत म्हणावा याचे व्हिडिओ. पारायणाचं वेळापत्रक, तेही रंगीत. स्तोत्रांची यादी रोज वाढतेय. आणि नाम? "उद्यापासून, नीट सुरू करते." आपण देवाला म्हणतोय, "होतेय देवा, एकदम भारी करतेय, बघा तुम्ही." तो वाट बघेल, तो माउली आहे. पण आपला श्वास थांबेलच असं नाही. अण्णांचा थांबला नाही.

ती गोधडी आता आईच्या अंगावर असते. रेघा दोन ठिकाणी वाकड्या आहेत, एका कोपऱ्यात चोळ आलाय. पहिल्या रात्री आईने ती नाकाशी धरली, बराच वेळ, आणि मग म्हणाली, "तुझ्या अण्णांना आवडली असती." तिने रागावून म्हटलं नाही, तसंच म्हटलं. ते वाक्य मला पुरेसं आहे. मी अपराधाची माळ ओढत बसत नाही, कारण तीही एक फांदीच. पण विसरतही नाही.

आजच्या दिवसासाठी एवढंच करूया. तुमच्याकडे कुणीतरी काहीतरी मागितलेलं आहे. एक फोन, एक भेट, शिवायची एखादी गोष्ट. तुम्ही ते "छान करायचं" म्हणून ठेवून दिलंय. ते आज साधंच करा. आणि रात्री झोपायच्या आधी, माळ हाताशी नसली तरी, अकरा वेळा नाम घ्या. सरळ टाका. मधून सुरू करा, बाहेर या.

विठ्ठला, आमच्या बुद्धीच्या फांद्या तू छाट, आणि जी एक उरेल ती तुझ्याकडे वळव. आमचा टाका वाकडा पडला तरी चालेल, पण तो आज पडू दे.

राम कृष्ण हरी. 🙏