जुनें यंत्र आणि विकणाराचें मौन

विकणारानें आपल्या मालाविषयीं किती बोलावें आणि कोठें गप्प बसावें, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे. पैठणहून अकीकाचे दगड गाड्यांत भरून भडोचेच्या बंदराकडे जात, त्या सातवाहनांच्या काळींही तो विकणाराच्या मनांत आला असेल. आज त्याच पैठणपासून पन्नासएक किलोमीटरांवर, छत्रपति संभाजीनगरच्या सिडकोंतील एखाद्या बिऱ्हाडांत, एक तरुण दुसऱ्या तरुणास आपला जुना टॉवर सर्व्हर विकावयास बसतो तेव्हांही तो तितकाच ताजा असतो. वस्तु नवी आहे एवढ्यानें प्रश्न नवा होत नाहीं. परंतु वस्तु नवी असली म्हणजे जुन्या प्रश्नाचे कांहीं झांकलेले कोपरे उजेडांत येतात, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

ज्यांस ह्या वस्तूचा परिचय नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगितलें पाहिजे. कारखान्याचे वा कचेरीचे हिशेब, पत्रव्यवहार, हजेरी इत्यादि सांभाळणारा जो मोठा संगणक रात्रंदिवस चालू असतो तो सर्व्हर. आणि कपाटांतील फळीवर आडवा न बसवितां जमिनीवर उभा ठेवतां येतो तो टॉवर सर्व्हर. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा ह्या वसाहतींनीं वेढलेल्या शहरांत अशा यंत्रांचा तोटा नाहीं. हमीचीं तीन किंवा पांच वर्षें संपलीं कीं कंपनी नवें यंत्र घेते आणि जुनें भंगाराच्या वाटेस लागतें. त्यांतलींच कांहीं हौशी मंडळी उचलतात व घरांतल्या कोपऱ्यांत मांडून त्यांवर नाना प्रयोग करतात. ह्या छंदास 'होमलॅब' म्हणतात. पेटी, ध्वनिमुद्रिका किंवा जुनीं नाणीं ह्यांचा नाद असावा तसाच हा एक नाद. फरक इतकाच कीं ह्या नादांतून पुष्कळांस पुढें पोटाचा उद्योगही लाभतो. कांहीं दिवसांनीं मोठें यंत्र हवेंसें वाटतें, किंवा घरांतील माणसें त्याच्या घरघरीस कंटाळतात, आणि मग तो सर्व्हर दुसऱ्या हौशी माणसाकडे जातो.

बैलबाजारांत गिऱ्हाईक प्रथम बैलाच्या जबड्यांत पाहतें. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, असें वय तेथें कोणालाही वाचतां येतें. मग बैल चालवून पाहतात, खांदा दाबून पाहतात, आणि रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरवितात. सर्व्हरलाही दांत आहेत. त्याच्या प्रत्येक हार्ड डिस्कमध्यें ती किती तास चालली ह्याची नोंद आपोआप होत असते. वर्षाचे तास 8,760. तेव्हां 43,800 हा आंकडा दिसला म्हणजे डिस्क पांच वर्षें अखंड फिरली हें जाणत्यास कळतें. खराब झालेल्या जागा किती, मेमरीनें किती चुका स्वतःच दुरुस्त केल्या, कोणता वीजपुरवठा केव्हां बंद पडला, ह्यांच्याही नोंदी यंत्राजवळ असतात. परंतु बैलाचे दांत विकणारास बदलतां येत नाहींत. ह्या नोंदींपैकीं कांहीं मात्र पुसतां येतात. 2025 च्या आरंभीं जर्मनींत असें उघडकीस आलें कीं, सीगेट कंपनीच्या कित्येक डिस्क हजारों तास वापरलेल्या असतांना, तासांची नोंद शून्यावर आणून, त्या नव्या म्हणून विकल्या जात होत्या. डिस्कमध्यें खोलवर दुसरी एक नोंद होती आणि ती पुसावयाची राहिली होती, म्हणून लबाडी सांपडली. असल्या गोष्टींविषयीं नीतिशास्त्रास विचारावयास नको; ती चोरी आहे. विचार करावयाचा तो, नोंद न पुसणाऱ्या पण न दाखविणाऱ्याही माणसाचा.

कायदा ह्या माणसाशीं बराच सौम्यपणें वागतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणें नुसतें मौन म्हणजे फसवणूक नव्हे. मात्र परिस्थितीच अशी असेल कीं बोलणें हें कर्तव्य ठरावें, किंवा मौन हेंच बोलण्यासारखें असेल, तर गोष्ट निराळी. कलमाखालीं दिलेलीं उदाहरणें मोठीं मार्मिक आहेत. एक मनुष्य आपला घोडा लिलांवांत विकतो. घोड्यांत खोड आहे हें त्यास ठाऊक आहे. तो कांहीं बोलत नाहीं. ही फसवणूक नव्हे. परंतु घेणारी जर त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर नात्यामुळेंच सांगणें त्याचें कर्तव्य होतें. आणि घेणारा जर म्हणाला, "तुम्ही नाहीं म्हणालां नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन," तर तेथें गप्प राहणें हें बोलण्यासारखेंच आहे.

आतां आमच्याकडील सौदा पाहा. समजा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांतला एक मुलगा सर्व्हर पाहावयास आला आहे. विकणारा त्याहून आठदहा वर्षांनीं मोठा, नोकरीस लागलेला. मुलगा यंत्राभोंवतीं फिरतो, झांकण उघडून आंत पाहतो, आणि विचारतो, "दादा, यांत कांहीं खोट तर नाहीं ना?" ह्या 'दादा'चें काय करावयाचें? आपल्याकडे रिक्षावाल्यासही दादा म्हणतात आणि भाजीवालीस मावशी. तेव्हां ह्या शब्दानें नातें जडत नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु येथें शब्द रिकामा नाहीं. ह्याच दादानें मागच्या महिन्यांत त्याला एखादी अडचण सोडवून दिलेली असते. छंदाच्या नात्यांत ज्ञान फुकट दिलें घेतलें जातें, हेंच तर त्या नात्याचें लक्षण. उरलेले अकरा महिने जो विचारल्यावांचून शिकवितो, तो विक्रीच्या दिवशींच विचारल्याशिवाय बोलणार नाहीं, हें कसें शोभेल? आमच्या मतें हा मुलगा कायद्यांतील लिलांवाच्या गिऱ्हाइकापेक्षां त्या मुलीच्याच अधिक जवळ आहे.

सिसेरोनें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत असाच एक वाद दिला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असतां एक व्यापारी धान्याचें जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजें येत आहेत हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे. तें लोकांस सांगावें, कीं गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजेनीस म्हणतो, न सांगणें निराळें आणि लपविणें निराळें. अँटिपेटर म्हणतो, माणसामाणसांत जो बंध आहे तो असा भेद करूं देत नाहीं. सिसेरो अँटिपेटरकडे झुकतो. आम्हांस मात्र वाटतें कीं डायोजेनीसचें म्हणणें टाकाऊ नाहीं. जगांतील सर्व कांहीं ऐकविल्यावांचून विकूं नये असें म्हटलें तर एकही सौदा पुरा व्हावयाचा नाहीं. मग रेघ कोठें ओढावी? घेणारा स्वतः पाहून जें जाणूं शकेल तें त्याचें त्यानें पाहावें. पण वापरल्यावांचून जें कळत नाहीं तें विकणारानें सांगावें. पेटीवरचा ओरखडा दिसतो. मे महिन्यांत पारा बेचाळिसांवर गेला म्हणजे दुपारीं यंत्र आपोआप बंद पडतें, हें जानेवारींत घेणारास कसें दिसावें?

आमच्या शास्त्रकारांनीं ही अडचण ओळखली होती. याज्ञवल्क्यस्मृतींत विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेसाठीं मुदती घालून दिल्या आहेत: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नास सात, दुभत्यास तीन. वस्तूचा दोष उघड व्हावयास जितका काळ लागतो तितकी मुदत, हें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे. सर्व्हर हें दिसावयास लोखंड, पण स्वभावानें दुभतें जनावर. पहिल्या दिवशीं तें सर्वांसमोर शहाण्यासारखें वागतें. मेमरीची खोड आठवडाभर भार घातल्यावांचून बाहेर येत नाहीं. तेव्हां हौशी मंडळींनीं आपसांत पंधरवड्याची मुदत ठेवावी हें उचित होय.

हें झालें दोषांविषयीं. ह्याहून अवघड गोष्ट अशी कीं, जो दोष नाहीं तोही सांगावा कीं काय? असला सर्व्हर सरासरी दीडशें वॅट वीज घेतो असें धरलें तर दिवसास साडेतीन युनिटांहून अधिक आणि महिन्यास 108 युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरांत शंभर युनिटांपुढें दर चढतो, तीनशेंपुढें आणखी चढतो. म्हणजे हें एकटें यंत्रच पहिली पायरी ओलांडतें, आणि घरांतील पंखे, फ्रीज व पाण्याची मोटर आपापल्या जागीं आहेतच. यंत्राची किंमत मुलगा आपल्या शिलकेंतून देतो. वीजबिल मात्र त्याचे वडील भरतात. शिवाय त्याला जें शिकावयाचें आहे त्यांतलें बरेंचसें, दहापंधरा वॅटांवर चालणाऱ्या लहानशा जुन्या संगणकावरही शिकतां येतें. हें विकणारास पक्कें ठाऊक आहे. कदाचित् त्यामुळेंच तो विकतो आहे.

येथें पुष्कळ सज्जन थबकतील. विकणारा म्हणजे कांहीं पालक नव्हे. घेणाराची हौस तोलण्याचा त्यास काय अधिकार, असें ते म्हणतील. हौस तोलूं नये हें खरेंच. छंदाचा हिशेब युनिटांत करावयाचा तर घरांत तंबोराही नको. परंतु आंकडा सांगणें म्हणजे हौस तोलणें नव्हे. "महिन्यास शंभरावर युनिट जातात, घरीं विचारून ये," एवढें एकदां सांगावें आणि पुढें बोलूं नये. त्यानंतरही तो घेत असेल तर तें त्याचें घेणें आहे. सौदा मोडण्याच्या भीतीनें जो हें वाक्य गिळतो, त्यानें मुलाच्या वडिलांच्या खिशांतून दरमहा थोडेंथोडें काढलें असें आम्ही म्हणतों.

प्रामाणिकपणानें बाजार टिकतो, म्हणून प्रामाणिक असावें, असाही एक युक्तिवाद आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफनें 1970 सालीं जुन्या मोटारींचें उदाहरण घेऊन दाखविलें कीं, घेणारास खरेंखोटें ओळखतां येत नसेल तर चांगला माल बाजारांतून निघून जातो. तें बरोबर आहे. पण मुलानें पुन्हां कधीं भेटूं नये, शहर सोडून जावें, तरीही त्यास सांगणें आलेंच, आणि ह्या युक्तिवादापाशीं त्याचें कारण नाहीं.

घेणाराच्या नीतीविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं. 2025 च्या उत्तरार्धांत मेमरीचे भाव झपाट्यानें चढले. जुन्या सर्व्हरांतील पट्ट्याही महागल्या. अशा वेळीं एखाद्या घरीं कर्ता मुलगा वारलेला, त्याचें यंत्र कोपऱ्यांत धूळ खात पडलेलें, आणि आई म्हणते, "न्या बाबा, द्याल तें द्या." आंत काय आहे हें त्या माउलीस ठाऊक नाहीं, घेणारानें झांकण उघडतांच ओळखलें आहे. जाणतेपणा ज्याच्या बाजूस, बोलण्याचा भार त्याच्यावर, हें विकणारास लागू असेल तर येथें तें घेणारास अधिकच लागू आहे. भंगाराच्या भावांत घेऊन बाहेर पडणारा मनुष्य कायद्याच्या कचाट्यांत येणार नाहीं. तरी त्यास आम्ही हौशी म्हणणार नाहीं.

शेवटीं, ह्या सौद्यांत आणखी कांहीं माणसें असतात; तीं खोलींत नसतात. अमेरिकेंतील मॉर्गन स्टॅन्ली ह्या पेढीनें आपलीं जुनीं यंत्रें मोडीत काढण्याचें काम, ज्यास त्याचा अनुभव नव्हता अशा एका सामान हलविणाऱ्या कंपनीस दिलें. डिस्क पुसल्या न जातां लिलांवांत विकल्या गेल्या. त्यांतल्या कांहीं ओक्लाहोमा राज्यांतील एका संगणक-सल्लागारानें विकत घेतल्या. आंत पेढीच्या ग्राहकांची माहिती आहे हें दिसतांच त्यानें 2017 सालीं पेढीस तसें लिहून कळविलें. पुढें 2022 सालीं सरकारी नियामकानें पेढीस साडेतीन कोटि डॉलरांचा दंड केला. आमच्या वसाहतींतून निघणाऱ्या यंत्रांतही कामगारांचे पगार, आजारपणाच्या रजा, बँकेचे क्रमांक असूं शकतात, आणि ज्यांचे ते आहेत त्यांस कोणी विचारलेलें नसतें. तेव्हां हौशी विकणारानें, आपल्याकडे यंत्र आलें तेव्हां डिस्क पुसलेल्या होत्या असें ऐकलें असलें तरी, त्या स्वतः पुन्हां पुसाव्या, आणि पुसतां येत नसतील तर काढून घ्याव्या. डिस्कांवांचून पेटीची किंमत दोनतीन हजारांनीं उतरेल. मुलास तें आधीं सांगून ठेवावें, म्हणजे तो डिस्कांचे पैसे बाजूस काढूनच येईल.