धूळ, गंज आणि अडकलेला स्क्रू (गीता ३.३८)



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला ३८वा श्लोक घेतला आहे. मनात नसतानाही माणूस पाप का करतो, असं अर्जुन ३६व्या श्लोकात विचारतो. भगवंत काम आणि क्रोधाकडे बोट दाखवतात. मग ज्ञान कसं झाकलं जातं ते तीन दृष्टांतांनी सांगतात: धुराने अग्नी, मळाने आरसा आणि वेष्टनाने गर्भ.

एकच गोष्ट सांगायला तीन दृष्टांत कशाला? अनेक अभ्यासक इथे आवरणाच्या तीन पायऱ्या पाहतात. मला त्या पायऱ्या नीट समजल्या त्या सुताराचा एक जुना रंधा खोलताना.

रंधा जुन्या बाजारातून आणलेला, स्टॅनलेचा चार नंबर. लांबी साधारण ९ इंच, पातं २ इंच रुंद. ही रचना मूळ लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराची. स्टॅनले कंपनीने १८६९ साली त्याचे हक्क विकत घेतले. लोखंडी रंधे आजही बहुतेक याच धर्तीवर बनतात. माझ्या हातात आला तेव्हा मात्र तो रंधा कमी आणि गंजाचा गोळा जास्त होता.

पहिला थर होता धुळीचा आणि जुन्या भुशाचा. ब्रश फिरवला, फुंकर मारली, गेला. हा झाला धूर. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी खोचक मेसेज टाकतो, डोकं तापतं. दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला, चार वेळा नाम घेतलं की निवळतं. यासाठी आयुष्यभराची तपश्चर्या लागत नाही, थोडा वारा पुरतो.

दुसरा थर गंजाचा. पातं आणि त्यावरची पट्टी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, सकाळी तारेच्या काथ्याने घासली. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेलं आम्ल मारलं, लगेच कोरडं केलं आणि तेलाचा हात फिरवला. इथे फुंकर चालत नाही, घासावंच लागतं. हा आरशावरचा मळ. दुसऱ्याचं पॅकेज, दुसऱ्याचा फ्लॅट, दुसऱ्याचं लग्न बघून आत जे कुरतडत राहतं ते या जातीचं. त्याला रोजचं नाम, रोजचं वाचन लागतं. आणि एकदा घासून भागत नाही. तेल लावलं नाही तर पावसाळ्यात लोखंड पुन्हा लाल होतं. ज्ञानेश्वर माउलीही या श्लोकावर बोलताना सांगतात, की मळाशिवाय आरसा सापडायचाच नाही. म्हणून तर नित्यनेम नित्य असतो.

तिसरी गोष्ट होती एक स्क्रू. पातं ज्या तिरक्या बैठकीवर टेकतं तिला फ्रॉग म्हणतात. ती दोन स्क्रूंनी रंध्याच्या अंगाला बसवलेली असते. त्यातला एक हलेचना. अशा वेळी हात शिवशिवतात, अजून जोर लावावासा वाटतो. पण जोराने पिळलं तर स्क्रूची खाच झिजते, मग तो कधीच निघत नाही. हातोडा घातला तर रंध्याचं अंग तडकतं, कारण ओतीव लोखंड ठिसूळ असतं. इथे उपाय एकच. गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब, हलकी टिचकी आणि थांबणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वरून काहीच घडताना दिसत नाही, पण तेल आट्यांमधून आत झिरपत असतं. पाचव्या दिवशी स्क्रू सहज फिरला.

हे गर्भाचं वेष्टन. ते ओढून काढायचं नसतं, त्याला दिवस भरावे लागतात.

हे सांगतोय कारण नाम सोडून देणारे बरेच जण मी पाहिले आहेत. त्यांचं म्हणणं एकच असतं, “वर्षभर जप केला, तरी मनातली ती गोष्ट जात नाही. म्हणजे माझी भक्तीच खोटी.” माझ्याही मनात वडिलांबद्दल एक जुनी अढी आहे. ती अजून सुटलेली नाही. पण ती सुटत नाही म्हणून जप वाया जातोय, असं आता मी म्हणत नाही. रोज दोन थेंब टाकतो. फोनवर त्यांच्याशी दोन वाक्यं जास्त बोलतो. बस.

मग लढायचंच नाही का? अध्यायाच्या शेवटी, ४३व्या श्लोकात, भगवंत या शत्रूला मारायलाच सांगतात. पण त्याआधी ४१व्यात सुरुवात कुठून करायची तेही सांगतात: आधी इंद्रियं आवर. ४२व्यात क्रम येतो, इंद्रियांपलीकडे मन, मनापलीकडे बुद्धी आणि तिच्याही पलीकडे ‘तो’. रंधाही असाच खोलतात. आधी वरची पकड, मग पातं, शेवटी फ्रॉग. थेट फ्रॉगपर्यंत हात पोचतच नाही, कारण त्याचे स्क्रू पात्याखाली असतात. रात्री दोनपर्यंत रील्स बघायचे आणि सकाळी मन स्थिर का नाही म्हणून रडायचं, हे पातं न काढता फ्रॉग खोलण्यासारखं आहे.

अजून एक. या सगळ्यात मी रंधा नवा केला नाही. वापरून काळसर पडलेली त्याची मूठ तशीच ठेवली. रंधा चमकला नाही तरी चालतो, त्याने लाकूड तासलं पाहिजे. साधनेचंही तेच. आपण किती सात्त्विक दिसतो हे कुणी विचारणार नाही. समोरच्याशी वागताना खरखरीतपणा किती कमी झाला, ते विचारतील.

आजचा अभ्यास: मनातली एकच खटकणारी गोष्ट कागदावर लिहा. तिच्यापुढे धूळ, गंज किंवा स्क्रू यांतला एक शब्द लिहा. मग उपाय त्याच मापाचा करा. आणि ती स्क्रू निघाली तर आज फक्त दोन थेंब. जोर नको.

राम कृष्ण हरी!